मेल ऑर्डरच्या औषधांतली बचत कुणाच्या खिशात?

वाचकाचं पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. यंदा ह्यांच्या कंपनीचा हेल्थ प्लॅन बदलला आणि पाठोपाठ पत्र आलं. नेहमीची औषधं जवळच्या फार्मसीतून फक्त दोनदा घेता येतील, तिसऱ्या वेळेपासून मेल ऑर्डरने ९० दिवसांची मागवा, नाहीतर पूर्ण किंमत तुमची. ह्यांना मेटफॉर्मिन आहे, मला थायरॉइडची गोळी. सासूबाई मेडिकेअरवर, म्हणजे वयस्करांच्या सरकारी आरोग्यविम्यावर, आहेत आणि लॅन्टस इन्शुलिन घेतात. त्यांच्या प्लॅनचाही फोन आला, मी घाईत हो म्हणून टाकलं. जुलैत तो खोका दुपारी पोर्चवर ठेवून गेले, आम्ही घरी आलो संध्याकाळी सातला. आतल्या बर्फाच्या पिशव्यांचं पाणी झालेलं. फोन केला तर 'पॅकिंग ४८ तासांसाठी टेस्ट केलेलं आहे' हे एकच पालुपद. ते इन्शुलिन वापरावं का? दुसरं म्हणजे, मी एका साठ माणसांच्या कंपनीत हिशेब बघते. आमचा हेल्थ प्लॅनचा ब्रोकर मालकांच्या मागे लागलाय की पुढच्या वर्षी मेल ऑर्डर सक्तीची करा, खर्च खाली येईल. मालक मला विचारतात, 'तुमच्या घरी आहे ना, कसं आहे?' काय सांगू? आणि या सगळ्यापेक्षा पुण्याहून दिरांनाच कुरिअर करायला सांगितलं तर?
– अ. का.

प्रिय अ. का.,

आधी इन्शुलिनचं बघू, बाकीचं नंतर.

न उघडलेलं लॅन्टस फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचं असतं. फ्रिजबाहेर ते २८ दिवस चालतं, मात्र ३० अंशांच्या आत. त्यामुळे पिशव्या वितळल्या म्हणजे इन्शुलिन गेलंच, असं नाही. खोका उघडला तेव्हा इन्शुलिनची पेनं हाताला गार लागली का कोमट, यावरून थोडा अंदाज येतो. पण तुमच्या बाबतीत जुलैची दुपार, उन्हातलं पोर्च, आणि त्याआधी ट्रकमध्ये किती तास गेले याचा पत्ता नाही. डोळ्यांनी बघून ठरवता येईल म्हणाल, तर तेही नाही. लॅन्टस पाण्यासारखं स्वच्छ असतं. ते गढूळ झालं तर फेकायचंच, पण उन्हानं ताकद गेलेलं इन्शुलिनही पुष्कळदा तितकंच स्वच्छ दिसतं. माझ्या घरात मी ती पेनं वापरली नसती. सासूबाईंची साखर गेल्या काही दिवसांत उगाचच चढी येत असेल, तर जेवणाला दोष देण्याआधी पेनावर संशय घ्या आणि डॉक्टरांना तसं सांगा. मात्र घरात दुसरं इन्शुलिन नसेल तर ते हातात येईपर्यंत यातूनच का होईना घ्या, डोस चुकवू नका. आजच जवळच्या फार्मसीत जा किंवा डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करा.

आता तो ४८ तासांचा मुद्दा. हे ४८ तास खोका भरल्यापासून मोजायचे, तुमच्या पोर्चवर आल्यापासून नाही. लेबलवर शिपिंगची तारीख असते, ती बघा. बुधवारी भरलेला खोका शुक्रवारी संध्याकाळी उघडला असेल तर त्यांच्याच हिशेबानं मुदत संपलेली आहे. पुन्हा फोन कराल तेव्हा कस्टमर सर्व्हिसशी हुज्जत घालू नका. 'मला फार्मासिस्टशी बोलायचंय' एवढंच म्हणा. फोनवर फार्मासिस्ट उपलब्ध करून देणं त्यांना भाग आहे. त्यांना तीन गोष्टी विचारा: खोका कधी भरला, बाहेरचं तापमान किती धरून टेस्ट केली, आणि बदली पेनं केव्हा पाठवता. खोक्याचे, वितळलेल्या पिशव्यांचे आणि लेबलचे फोटो ठेवा. बदली माल बहुतेक वेळा मिळतो, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.

हिवाळ्यात नेमकं उलटं होतं. जानेवारीत मेलबॉक्समध्ये रात्र काढलेलं इन्शुलिन गोठतं, घरात आल्यावर वितळतं आणि अगदी नव्यासारखं दिसतं. एकदा गोठलं की ते टाकूनच द्यायचं, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

सासूबाईंसाठी मात्र तुम्हाला एवढी धावपळ करायचं कारणच नाही. मेडिकेअरच्या पार्ट डी, म्हणजे औषधांच्या, प्लॅनला मेल ऑर्डरची सक्ती करता येत नाही. ९० दिवसांचं औषध नेटवर्कमधल्या दुकानातूनही घेता यावं, ही तरतूद २००३ च्या मूळ कायद्यातच आहे. फार तर कोपे, म्हणजे औषधामागे आपण भरायचा वाटा, थोडा जास्त पडेल. इन्शुलिनवर तोही प्रश्न उरत नाही, कारण २०२३ पासून मेडिकेअरवर महिन्याच्या इन्शुलिनला ३५ डॉलरची मर्यादा आहे, मग ते टपालानं घ्या नाहीतर ओक ट्री रोडवरच्या दुकानातून. तुम्ही घाईत जे 'हो' म्हटलं ते मागे घेता येतं. प्लॅनला फोन करून 'ऑटो-रिफिल (आपोआप पुढचं औषध पाठवणं) बंद करा' म्हणा आणि प्रिस्क्रिप्शन दुकानात ट्रान्स्फर करून घ्या. सासूबाईंना स्वतः बोलायचं असेल तर 'मराठी इंटरप्रिटर' मागा. या प्लॅन्सना तो फुकट द्यावा लागतो. दोन-चार मिनिटं थांबावं लागतं, पण मिळतो.

आता तुमच्या दोघांच्या गोळ्या. माझा मेल ऑर्डरवर सरसकट राग नाही. ह्यांचं मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं त्याच डोसवर चालू असेल तर खुशाल टपालानं येऊ द्या. गोळी धडधाकट आहे, स्वस्त आहे, एखादा दिवस उशीर झाला तर आभाळ कोसळत नाही. गावाबाहेर राहणारे, गाडी न चालवू शकणारे, खाटेला खिळलेले अशांना तर टपाल म्हणजे मोठाच आधार. माजी सैनिकांचं सरकारी खातं आपल्या बाह्यरुग्णांची सुमारे ८० टक्के प्रिस्क्रिप्शनं टपालानंच पाठवतं, आणि ते काम ते चांगलं करतं. तिथंसुद्धा २०२० च्या उन्हाळ्यात टपालखातं मंदावलं तेव्हा गोळ्या उशिरा पोचल्याच. पुढं ऑक्टोबर २०२१ पासून टपालखात्यानं पहिल्या वर्गाच्या काही टपालाची मुदत अधिकृतपणेच तीनवरून पाच दिवसांवर नेली. म्हणून मेल ऑर्डर घ्यायचीच असेल तर तीन आठवड्यांच्या गोळ्या हातात असतानाच मागवायची. खोका हरवला किंवा उशीर झाला तर प्लॅनला फोन करून जवळच्या दुकानातून थोड्या दिवसांपुरत्या गोळ्यांसाठी 'ओव्हरराइड', म्हणजे नियमाबाहेरची परवानगी, मागायचा. हा शब्द वापरलात की पलीकडच्या माणसाला नेमकं काय हवंय ते लगेच कळतं.

तुमच्या थायरॉइडच्या गोळीचं मात्र तसं नाही. लिव्होथायरॉक्सिनचा डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, आणि थोडा इकडेतिकडे झाला तरी शरीराला जाणवतो. डोस बदलला की सहा ते आठ आठवड्यांनी रक्तातलं टीएसएच (थायरॉइडची तपासणी) बघायचं आणि पुन्हा ठरवायचं, ही रीत. आता हिशेब करा. ९० गोळ्यांची बाटली आली, दीड महिन्यानं रिपोर्ट आला, डॉक्टरांनी ७५ ची ८८ केली. निम्मी बाटली घरात पडून. उघडलेलं किंवा एकदा तुमच्या ताब्यात आलेलं औषध फार्मसी परत घेऊन दुसऱ्याला देऊ शकत नाही. आणि दरम्यान ऑटो-रिफिलचा संगणक जुन्याच डोसची पुढची बाटली पाठवायच्या तयारीत. फार्मसीच्या काउंटरवर उभी राहून मी अशा औषधांच्या पिशव्याच्या पिशव्या बघितल्यात. घरचं माणूस गेल्यावर मुलं कपाट आवरतात आणि विचारायला येतात, 'याचं काय करायचं?' एकाच औषधाच्या न उघडलेल्या चार बाटल्या, चारही टपालानं आलेल्या, त्यातल्या दोन बंद केलेल्या डोसच्या.

म्हणून डोस ठरत असेल तोवर ९० दिवसांचं काहीही घेऊ नका, मग ते टपालानं असो वा दुकानातून. वजनाच्या आणि डायबिटीसच्या नव्या इंजेक्शनांना तर हे आणखी लागू. ओझेम्पिकचा पहिला डोस ०.२५ मिलिग्रॅम, तो चारच आठवडे, मग ०.५. तिथं तीन महिन्यांचं एकदम घेणं म्हणजे पैसे फ्रिजमध्ये ठेवणं. दुसरी एक गोष्ट थायरॉइडसाठी लक्षात ठेवा. दर वेळी त्याच कंपनीची गोळी मागा. दुकानात हे एका वाक्यात होतं. मेल ऑर्डरमध्ये प्रिस्क्रिप्शनवर डॉक्टरांकडून लिहून घ्यावं लागतं, तरी खात्री नाही. गोळीचा रंग डोसप्रमाणे ठरलेला असतो, त्यामुळे रंग तोच पण कंपनी दुसरी असं सर्रास होतं. बाटलीवर बनवणाऱ्याचं नाव वाचायची सवय लावा.

आणखी एक तोटा लोकांच्या ध्यानातच येत नाही. नेहमीची औषधं एका फार्मसीत, अडीअडचणीची दुसऱ्या, अशी दोन घरं झाली की तुमची पूर्ण यादी कुणाकडेच नसते. तशी सोय आहे. दोन्हीकडे एकच इन्शुरन्स लावलात तर धोक्याची सूचना काउंटरवरच्या संगणकावर उमटते. पण अँटिबायोटिक स्वस्त पडतं म्हणून तुम्ही कूपन लावून रोखीनं घेतलंत की इन्शुरन्सला त्याचा पत्ताच लागत नाही. कोलेस्टेरॉलचं सिमव्हास्टॅटिन टपालानं येतंय, छातीत कफ झाला म्हणून क्लॅरिथ्रोमायसिन कूपनवर घेतलं, तर स्नायूंना आणि मूत्रपिंडाला गंभीर इजा होऊ शकते अशी ही जोडी आहे. दोन्ही एकत्र देऊच नयेत, आणि इथं ती दोन वेगळ्या हातांनी तुमच्या घरात येतात. उपाय साधा आहे: सगळ्या औषधांची यादी फोनमध्ये ठेवा आणि जवळच्या दुकानाला सांगा, 'टपालानं येणारीही माझ्या प्रोफाइलमध्ये घाला.' चांगला फार्मासिस्ट आनंदानं घालतो.

ह्यांच्या प्लॅनची सक्ती चुकवता येईल का, हे बघायला एचआरला एकच प्रश्न विचारा: प्लॅन 'फुली इन्शुअर्ड' आहे का 'सेल्फ-फंडेड'? पहिल्या प्रकारात खर्च विमा कंपनी भागवते, आणि त्यावर राज्याचे कायदे चालतात. हडसनपलीकडे न्यूयॉर्कनं २०११ मध्येच कायदा केला की तेच दर आणि अटी मान्य असलेल्या जवळच्या दुकानातून लोकांना औषध घेता आलं पाहिजे. दुसऱ्या प्रकारात मालक स्वतःच्या पैशातून खर्च भागवतो, आणि तिथं कर्मचाऱ्यांच्या लाभ-योजनांसाठीचा १९७४ चा केंद्राचा एरिसा कायदा येऊन राज्यांचे हात बांधले जातात. ओक्लाहोमानं २०१९ मध्ये असाच कायदा केला, त्यातल्या महत्त्वाच्या भागांना २०२३ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयानं रोखलं, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात लक्ष घालायला नकार दिला. तरी फोन करून बघाच. पुष्कळ प्लॅन्समध्ये 'ऑप्ट-आउट', म्हणजे सक्तीतून बाहेर पडायचा पर्याय, असतो, पत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात. काही ठिकाणी ९० दिवसांचं औषध ठराविक साखळीच्या दुकानातून उचलायची मुभा असते. पोर्चपेक्षा ते केव्हाही बरं.

आता तुमच्या मालकांचा प्रश्न. खरं सांगायचं तर मला याच प्रश्नावर जास्त लिहायचंय.

मेल ऑर्डर सुचवतं कोण? फार्मसी बेनिफिट मॅनेजर, म्हणजे पीबीएम. कुठलं औषध कव्हर होईल, दुकानाला किती पैसे मिळतील, तुमचा कोपे किती, हे सगळं हा मधला माणूस ठरवतो. फेडरल ट्रेड कमिशनच्या जुलै २०२४ च्या अहवालानुसार सीव्हीएस केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स आणि ऑप्टम आरएक्स या तिघांनी २०२३ मध्ये देशातली जवळजवळ ८० टक्के प्रिस्क्रिप्शनं हाताळली. तिघांच्याही मालकीच्या मेल ऑर्डर फार्मसी आहेत. म्हणजे दुकानदाराला किती द्यायचं हे ठरवणारा, आणि गिऱ्हाइकाला कुठं पाठवायचं हे ठरवणारा, स्वतःच एक दुकानदार आहे. त्याच आयोगाच्या जानेवारी २०२५ च्या दुसऱ्या अहवालात आकडा आहे: २०१७ ते २०२२ या काळात या तिघांशी संलग्न फार्मसींनी स्पेशालिटी जेनेरिक औषधांवर, खरेदीच्या अंदाजे किमतीच्या वर, ७.३ अब्ज डॉलरहून जास्त कमावले. हा पैसा तुमच्या मालकांसारख्यांच्या प्लॅनमधूनच जातो.

ब्रोकर म्हणेल, 'मेल ऑर्डरवर जास्त सूट आहे.' असेलही. पण सूट कशावर? कागदावर 'एडब्ल्यूपी वजा इतके टक्के' असं लिहिलेलं असतं. एडब्ल्यूपी ही छापील यादीतली किंमत, प्रत्यक्षात त्या भावानं कुणी घेत नाही. आणि एकाच गोळीची वेगवेगळ्या उत्पादकांची, वेगवेगळ्या पॅकची एडब्ल्यूपी वेगळी असते. समजा दुकानातल्या पॅकची यादी-किंमत ५० डॉलर आणि सूट ६० टक्के, तर प्लॅनला पडले २०. मेल ऑर्डरनं वापरलेल्या पॅकची यादी-किंमत १२० आणि सूट ७५ टक्के, तर पडले ३०. सूट जास्त, बिलही जास्त. आकडे मी मांडलेत ते समजावण्यापुरते, पण तुम्ही हिशेबातल्या आहात, ही खेळी तुमच्या मालकांना तुमच्याइतकी चांगली कुणी समजावणार नाही.

दुसरी मेख कोपेमध्ये. 'तीन महिन्यांचं घ्या, दोनच कोपे द्या' ही जाहिरात रुग्णाला गोड वाटते. दुकानात दर महिन्याला दहाप्रमाणे तीस डॉलर गेले असते, टपालात वीस. पण वाचलेले ते दहा डॉलर पीबीएम पदरचे घालत नाही, ते प्लॅन भरतो. गोळीची मूळ किंमत तेवढी उतरली असेल तरच मालकाचं भलं. वर फुकट गेलेल्या बाटल्यांचा खर्चही त्यांचाच.

तिसरी गोष्ट, 'मेल ऑर्डरवाले औषध जास्त नियमित घेतात' असा दावा. तो मोजतात कसा? किती दिवसांच्या गोळ्या घरी गेल्या त्यावरून. खोका पोचला म्हणजे गोळी पोटात गेली, असं संगणक धरून चालतो. मेडिकेअर प्लॅन्सना दर्जाबद्दल जे तारे मिळतात त्यात डायबिटीस, ब्लडप्रेशर आणि कोलेस्टेरॉलच्या औषधांची नियमितता याच पद्धतीनं मोजली जाते. मेडिकेअरचे प्लॅन एवढ्या आर्जवानं फोन का करतात, याचं थोडं उत्तर त्यात आहे.

हे सगळं मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत कोर्टातही गेलंय. तुमच्यापासून जवळच, न्यू ब्रन्सविकला मुख्यालय असलेल्या जॉन्सन अँड जॉन्सनवर तिच्याच एका कर्मचाऱ्यानं फेब्रुवारी २०२४ मध्ये दावा लावला. दाव्यातला आरोप असा की मल्टिपल स्क्लेरोसिसवरच्या टेरिफ्लुनोमाइड या जेनेरिक औषधाच्या ९० गोळ्यांना कंपनीचा प्लॅन १० हजार डॉलरहून जास्त मोजत होता. त्याच गोळ्या इन्शुरन्स न लावता बाहेर २८ ते ७७ डॉलरला मिळत होत्या. शिवाय प्लॅन लोकांना पीबीएमच्याच मेल ऑर्डर फार्मसीकडे वळवत होता. जानेवारी २०२५ मध्ये न्यायाधीशांनी मुख्य दावे फेटाळले, पण ते वादी व्यक्तीचं वैयक्तिक नुकसान दाखवता येत नाही या कारणावरून. किंमत रास्त होती असा निर्वाळा काही कोर्टानं दिला नाही. मालकांना एवढं जरूर सांगा की प्लॅन सेल्फ-फंडेड असेल तर एरिसाखाली विश्वस्ताची जबाबदारी त्यांच्यावर येते, ब्रोकरच्या सल्ल्यामागे लपता येत नाही.

मग ब्रोकरला काय विचारायचं? पहिलं, तुम्हाला या सौद्यात पीबीएमकडून काय मिळतं ते लेखी द्या. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं ब्रोकरला हे उघड करणं बंधनकारक केलंय, त्यामुळे विचारण्यात संकोच नको. दुसरं, आमच्या लोकांनी गेल्या वर्षी सर्वांत जास्त घेतलेली वीस औषधं काढा आणि प्रत्येकाची दर गोळीमागची किंमत दोन रकान्यांत द्या, दुकानात किती आणि मेल ऑर्डरमध्ये किती. टक्के नकोत, डॉलर आणि सेंट हवेत. तिसरा रकाना तुम्ही स्वतः भरा. केंद्र सरकार नाडॅक नावाची यादी दर आठवड्याला फुकट प्रसिद्ध करतं, दुकानांना औषध सरासरी कितीला पडतं त्याची. तीन रकाने शेजारी शेजारी ठेवलेत की मालकांना माझ्या मताची गरज पडणार नाही. आणि मेल ऑर्डर ठेवायचीच ठरली तर ऐच्छिक ठेवा, इन्शुलिनसारखी थंडातली औषधं त्यातून वगळा, नव्या औषधाचे पहिले दोन-तीन महिने दुकानातून द्या, आणि ऑटो-रिफिल प्रत्येक वेळी विचारल्याशिवाय नको, एवढं करारात घालून घ्या. साठ माणसांच्या कंपनीचं पीबीएम फारसं ऐकत नाही, हे मला माहीत आहे. मात्र ब्रोकरला गिऱ्हाईक गमवायचं नसतं, म्हणून दबाव त्याच्यावर ठेवा.

राहिलं पुण्याचं कुरिअर. तो विचार सोडून द्या. परदेशातून औषध टपालानं मागवणं बहुतेक प्रसंगी इथं बेकायदा आहे, कस्टम्समध्ये अडकलं तर ना औषध ना पैसे. आणि इन्शुलिन पुणे ते एडिसन येणार म्हणजे पोर्चवरच्या सहा तासांचे सहा दिवस. दीर किंवा कुणी पाहुणे स्वतःसाठी बरोबर आणतात ती गोष्ट निराळी. त्यांना त्यांच्या मुक्कामापुरतं, फार तर तीन महिन्यांचं, मूळ पॅकिंगमध्ये आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हँडबॅगेत ठेवायला सांगा. त्यातलं इन्शुलिन चेक-इन बॅगेत टाकू नका, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं.